'पिसाळलेला' आणि 'अचानक', हे दोन शब्द जपून छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी पेपर एजंट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौकापासनं विडी घरकुलापर्यंत माझी लाईन आहे, २२ वर्षं झाली, तुमचा पण पेपर टाकतो आणि बाकीचे पण. माझ्याकडं आठ पोरं आहेत, सगळी कॉलेजची नाहीतर आयटीआयची, सायकलवर जातात, दोघांकडं गाडी आहे. आम्ही पहाटे चारला बाहेर असतो, त्यामुळं गल्लीतली कुत्री आम्हाला जेवढी माहिती आहेत तेवढी कुणालाच नसतील असं मला वाटतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो, मोठं झालं तर माफ करा पण कापून छापलं तरी मधला भाग तेवढा ठेवा.

पहाटे गठ्ठे उतरले की पुरवण्या भरता भरता नजर जातेच, आणि दर थोड्या दिवसांनी आतल्या पानावर ती बातमी असतेच, 'पिसाळलेल्या कुत्र्याचा अचानक हल्ला'. तुमच्याच नाही, सगळ्याच पेपरात. आता कुत्रं चावलं ही बातमी आहेच, छापायलाच पाहिजे, ज्याच्या लेकराला चावलंय त्याला विचारा. माझं म्हणणं फक्त त्यातल्या दोन शब्दांबद्दल आहे. हे दोन शब्द वाचून लोकं चुकीचं शिकायला लागलेत आणि त्यानं जीव जाऊ शकतो, हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो.

पहिला शब्द पिसाळलेला. पिसाळणं म्हणजे रेबीज, दुसरं काही नाही. कुत्रं चिडलेलं आहे, घाबरलेलं आहे, पिल्लाची आई आहे, एवढ्यावरनं ते पिसाळलेलं ठरत नाही. पण चार जणांना चावलं की आपण सरळ पिसाळलेलं म्हणून छापतो. ह्याचा उलटा परिणाम काय होतो बघा. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, विड्या वळतात. दारात बसून सुपात पानं कापत होत्या, गल्लीतलं एक पिल्लू आलं, त्याला भाकरीचा तुकडा द्यायला गेल्या तर बोटाला दात लागला, थोडं रक्त आलं. त्यांनी चुना लावला आणि परत सुपात हात घातला. मला तिसऱ्या दिवशी बिल मागायला गेल्यावर कळलं, म्हणलं मावशी इंजेक्शन घेतलं का, तर म्हणल्या, "अरे पिल्लूच हाय ते, पिसाळलेलं थोडंच हाय, पेपरात येतंय ते मोठं कुत्रं, तोंडाला फेस आलेलं." साहेब, हे त्यांना कुणी शिकवलं? आपणच शिकवलं.

मी त्यांना त्याच दिवशी गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. त्या आधी तयारच नव्हत्या, एकतर पोटात १४ इंजेक्शनं देतात ही जुनी भीती, आणि दुसरं म्हणजे विड्यांची मजुरी हजारामागं असते, अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या गेल्या. पोटातलं ते १४ इंजेक्शनांचं प्रकरण बंद होऊन जमाना झाला, आता दंडाला देतात. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात तेव्हा पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा आणि २८वा असं चार वेळा जायचं असतं, स्नायूत देतात तिथं १४व्या दिवशीचा एक डोस वाढतो म्हणजे पाच होतात. सरकारीत ही लस मोफत असते. मावशींचे सगळे डोस झाले, त्या चांगल्या आहेत. पण डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते मी पण तिथंच उभारून ऐकलं आणि तेव्हापासनं प्रत्येक पोराला सांगतो.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीच यायला लागतो. म्हणजे चावलं त्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत, बिस्कीट खात असलं तरी ते सेफ आहे असं धरता येत नाही, आणि पिल्लू आहे म्हणून तर अजिबातच नाही. माणसाला एकदा लक्षणं सुरू झाली, पाण्याची भीती वगैरे, की मग त्यावर इलाज नाही, जवळपास १०० टक्के माणूस जातोच. पण चावल्यापासनं लक्षणं यायला बहुतेक वेळा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा तर कधी वर्ष पण, आणि त्या मधल्या काळात लस वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. एवढा भयानक रोग आणि एवढा पक्का बचाव, असं दुसरं मला तरी माहिती नाही. जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं ह्यानं मरतात असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं त्यातली ४० टक्के १५ वर्षाच्या आतली लेकरं असतात.

लोकं आणखी एक गोष्ट ऐकून असतात, १० दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. ते बरोबर आहे, पण त्याचा अर्थ १० दिवस वाट बघा आणि मग दवाखान्यात जा असा नाही. इंजेक्शन पहिल्या दिवशीच सुरू करायचं आणि एकीकडं कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, ते १० दिवसांनी पण ठणठणीत असेल तर पुढं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

आणि सगळ्यात आधी जखम धुणं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, पिंपातलं पाणी जपून वापरायची सगळ्यांना सवय आहे, म्हणून लोकं तांब्याभर पाणी ओतून मोकळे होतात. इथं पिंप रिकामं झालं तरी चालेल पण धुवायचं. चुना, हळद, तिखट, मशेरी असलं काही लावायचं नाही. टाके पण लगेच घालत नाहीत शक्यतो. रक्त निघालं असेल, दात आत गेला असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं एक वेगळं औषध असतं, इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, ते द्यायला पाहिजे का असं स्वतः विचारायचं. मी एका ठिकाणी एका पोराला घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही, तिथं ते शिल्लक नव्हतं आणि कुणी सांगितलं पण नाही, आम्हीच विचारलं तेव्हा दुसरीकडं पाठवलं. पहिल्या लसीपासनं सात दिवसांच्या आत ते देता येतं, म्हणून नाही मिळालं तर तिथनं परत घरी यायचं नाही, पुढं जायचं.

खरंखुरं पिसाळलेलं म्हणावं असं कुत्रं मी २२ वर्षांत एकदाच बघितलंय. खालचा जबडा लोंबत होता, लाळ धार लागल्यासारखी, मागचे पाय लटपटत होते, आवाज घोगरा, कुणी दगड मारला तरी त्याचं लक्ष नव्हतं, दिसेल त्याला, लाकडाला पण तोंड घालत होतं. दोन दिवसांत मेलं. असं कुत्रं दिसलं तर जवळ जायचं नाही, लेकरं घरात घ्यायची आणि महापालिकेला फोन करायचा. पण कधी कधी पिसाळलेलं कुत्रं भुंकत चावत फिरतच नाही, नुसतं एका कोपऱ्यात गप्प पडून राहतं, गिळता येत नाही त्याला, आणि लोकं म्हणतात घशात हाड अडकलंय आणि तोंडात हात घालतात. हे फार धोक्याचं आहे.

आता दुसरा शब्द, अचानक.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमच्या लाईनीतल्या एका पोराला पोटरीला चावलं. पोरगा चांगला आहे, खोटं बोलत नाही, म्हणला काका अचानकच आलं ओ, मी काहीच केलं नाही. त्याचं सगळं केलं, जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी त्याच्या लाईनीवर स्वतः गेलो. तिथं एक भंगारातला टेम्पो बरेच महिने उभा आहे, त्याच्याखाली वाकून बॅटरी मारली तर चार पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले, म्हणजे दोनएक आठवड्यांची. आणि आई माझ्याकडं बघून उभी राहिली, हळू आवाजात गुरगुरायला लागली, मी मागं सरकलो तशी परत बसली. मी पोराला विचारलं, ही अशी गुरगुरत होती का? तो आठवून म्हणला की हो, तीन-चार दिवस टेम्पोखालनं उठून बघायची, पण माझ्या कानात इअरफोन असतो, लक्ष दिलं नाही. आणि त्या दिवशी गेटला कुलूप होतं म्हणून हा टेम्पो आणि भिंतीच्या मधल्या बोळातनं आत पेपर ठेवायला गेला, म्हणजे सरळ पिल्लांच्या अंगावरनं. पेपर ठेवून पाठ वळवली आणि तिनं धरलं. साहेब ती तीन-चार दिवस सांगत होती, आपल्याला ऐकू आलं नाही, आणि आपण छापतो अचानक.

कुत्रं सांगतंच. फक्त आपल्याला वाचता येत नाही. आधी ते मान वळवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, ह्याचा अर्थ मला बरं वाटत नाही, लांब हो. मग अंग ताठ होतं, उघडं तोंड मिटतं, कान मागं नाहीतर एकदम पुढं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो नाहीतर एकटक बघत राहतं, मानेवरचे केस उभारतात. मग गुरगुर, मग दात दाखवणं, मग हवेतच चावल्यासारखं करणं, आणि मग खरा चावा. काही कुत्री ह्यातल्या दोन-तीन पायऱ्या एकदम चढतात, सगळं दोन सेकंदात होतंय, पण पायऱ्या असतातच. आणि काही कुत्र्यांनी गुरगुरणंच सोडलेलं असतं, कारण गुरगुरल्यावर दर वेळी त्यांना दगड नाहीतर लाथ मिळालेली असते. म्हणून माझं सगळ्यांना, खास करून घरात कुत्रं पाळणाऱ्यांना सांगणं आहे की गुरगुरतं म्हणून मारू नका, मारून गुरगुर बंद होईल, राग बंद होणार नाही, मग ते न सांगता चावेल आणि तेव्हा तुम्ही अचानक म्हणाल.

शेपटीचं पण तसंच. शेपूट हलवतंय म्हणजे खूश आहे असं लहानपणापासनं शिकवलेलं असतं. अख्खं अंग ढिलं सोडून, मागचा भाग पण हलवत आलं तर ते खूश. पण शेपूट वर काठीसारखी ताठ आणि नुसतं टोक थरथरतंय, असं कुत्रं तापलेलं असतं, त्याच्या जवळ जायचं नाही. आणि शेपूट पायात घातलेलं कुत्रं भित्रं आहे, काही करणार नाही, हे पण चूक आहे, भ्यालेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतंच. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण पण मी पोरांना विसरायला सांगितलीय.

कुत्रं रागीट का होतं ह्याची कारणं आमच्या लाईनीवर रोज दिसतात. चिकन सेंटरच्या मागं पिशव्या टाकतात, तिथं खाण्यावरनं सहा-सात कुत्री एकमेकांवर तुटून पडलेली असतात, त्या वेळी मधनं गेलं की दुसऱ्याचा चावा आपल्याला बसतो. कुत्र्यांची भांडणं हातानं सोडवायची नाहीत, लांबनं पाणी टाका. पावसाळा संपता संपता एका कुत्रीमागं आठ-दहा कुत्री फिरतात, तेव्हा ती कुणालाच ओळखत नाहीत, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी पिल्लं होतात म्हणून दिवाळी ते संक्रांत हे दिवस सांभाळायचे. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला होम मैदानावर दारूकाम होतंय त्या रात्री त्या बाजूची कुत्री भेदरून कुठं कुठं शिरतात, अनोळखी गल्लीत गेलेलं कुत्रं तिथल्या कुत्र्यांचा मार खातं आणि दुसऱ्या दिवशी माणसाला पण जवळ येऊ देत नाही. मे महिन्यात ४४ डिग्रीत ती गटारीत, गाडीखाली ओल बघून पडलेली असतात, झोपेत कुणाचा पाय पडला की चावतात. जखम झालेलं, खरूज झालेलं, म्हातारं, डोळ्यानं कमी दिसणारं कुत्रं हात लावला की चावतं, ते दुखण्यानं चावतं. आणि बंगल्यातली काही कुत्री, ज्यांना दिवसरात्र चार फूट साखळीला बांधलेलं असतं, ती सगळ्यात वाईट होतात, राखण चांगली करील म्हणून बांधतात पण त्याला पळून जाता येत नाही हे त्याला माहिती असतं, म्हणून ते चावण्याशिवाय दुसरं काही शिकतच नाही. गेटवर नुसता 'कुत्र्यापासून सावधान' बोर्ड लावून मालकाचं काम संपत नाही, कुत्र्याला वर्षाला लस द्या, पहाटे पेपरवाला, दूधवाला येतो त्या वेळी आत घ्या.

पोरांना मी काय सांगतो ते लिहितो, बाकीच्या लोकांना, रात्रपाळी सुटून येणाऱ्या कारखान्यातल्या लोकांना पण उपयोगी पडेल. पळायचं नाही. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे. आपण पळालो की ज्या कुत्र्याच्या मनात काही नव्हतं ते पण मागं लागतं. उभं राहायचं, हात अंगाशी, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही पण पाठ पण करायची नाही, थोडं तिरकं उभं राहायचं, ओरडायचं नाही, आणि ते थांबलं की एकेक पाऊल मागं. हातात पेपरची पिशवी, छत्री, डबा काही असेल ते मधे धरायचं, चावलं तर पिशवीला चावू दे. सायकल असेल तर उतरून सायकल मधे घ्यायची. दगड उचलल्यासारखं वाकल्यावर बरीच कुत्री लांब जातात हे खरं आहे, पण घोळक्यासमोर आणि पिल्लांच्या आईसमोर ते करायचं नाही, तिथं उलटं होतं. पडलोच तर गुडघे पोटाशी, तोंड खाली, मुठी मानेमागनं कानावर, आणि हलायचं नाही.

गाडीमागं कुत्री लागली की लोकं पाय वर घेतात आणि गाडी दामटतात, हँडल सुटतं आणि डोकं आपटतं. कुत्र्यानं चावण्यापेक्षा असं पडूनच लोकांना जास्त लागलेलं मी बघितलंय. गाडी सावकाश करा, गरज पडली तर थांबा, पळणारी वस्तू थांबली की त्याला काय करायचं कळत नाही, भुंकून भुंकून निघून जातं. आणि इअरफोन मी लाईनीवर बंद केलेत.

लेकरांचं वेगळं सांगावं लागतंय. लहान पोराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून मोठ्या माणसाला पायाला चावतं तिथं लेकराला गालाला, मानेला, डोक्याला चावतं, आणि तिथला चावा मेंदूला जवळ म्हणून जास्त धोक्याचा. लेकरांना बरेचदा रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं नाही तर घरचं, शेजारचं, रोजचं कुत्रं चावतं. गळ्यात पडणं, पाठीवर बसणं, जेवताना ताटलीत हात घालणं, झोपलेलं असताना उठवणं, हे कुत्र्याला आवडत नाही, ते बिचारं सहन करतं आणि एक दिवस करत नाही. फोटो काढायला म्हणून लेकराला कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला लावू नका. आणि आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे, कुत्रं चावल्यावर लेकराला ओरडू नका. तू कशाला गेलास तिकडं म्हणून मार बसतो ह्या भीतीनं पोरं सांगतच नाहीत, ओरखडा चड्डीखाली लपवतात. ओरखडा पण दाखवायचा, उघड्या जखमेवर चाटलेलं पण सांगायचं, हे लेकराला आधीच शिकवून ठेवा.

कुत्र्यांना मारून टाका, लांब सोडून या, असं म्हणणारे पण रोज भेटतात. त्यांचा त्रास मला कळतोय, पण एका गल्लीतली कुत्री उचलून शहराबाहेर हिप्परग्याला सोडली की महिन्याभरात बाहेरची नवी कुत्री त्या उकिरड्यावर येतात, आणि ती आपल्याला ओळखत पण नाहीत. नसबंदी करून, लस देऊन त्याच जागी सोडायचं हा २०२३ चा नियम आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच धरलं, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत असं मात्र सांगितलं, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून परत तिथं सोडू नका असा पण आदेश आला. नसबंदी जोरात झाली पाहिजे, कचरा वेळेवर उचलला पाहिजे, हे महापालिकेचं काम आहे. आणि प्रेमानं खायला घालणाऱ्यांनी पण दुसऱ्याच्या दारात, वळणावर, शाळेच्या वाटेवर घालू नये, जे कुत्रं तुमच्यापुढं शेपूट हलवतंय ते त्याच ताटलीवरनं दुसऱ्याच्या लेकराला चावू शकतं. मला कुत्री आवडतात, तरी हे लिहितोय.

तर साहेब, मागणं एवढंच आहे. तपासणीत रेबीज निघाला नसेल तर पिसाळलेला लिहू नका, नुसतं कुत्रं चावलं लिहा. बातमी करताना वार्ताहरांनी त्या जागेला जाऊन पिल्लं होती का, खाणं पडलं होतं का, कुत्रं बांधलेलं होतं का एवढं विचारावं आणि ते छापावं. आणि अशा प्रत्येक बातमीखाली चार ओळींची चौकट द्या, १५ मिनिटं साबणानं धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जा, सगळे डोस पूर्ण करा. चौकटीला जागा किती लागते ते मला माहिती आहे, रोज बघतो.

त्या भंगार टेम्पोखाली परवापासनं परत ती कुत्री बसायला लागलीय, पोट खाली आलेलं दिसतंय, म्हणजे पिल्लं होणार. मी त्या बोळातल्या तिन्ही घरवाल्यांशी बोललोय, महिनाभर त्यांचे पेपर आमचा पोरगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फळीवर ठेवतो, ते तिथनं नेतात. कुणी तक्रार केली नाही. पिल्लं मोठी झाली की नसबंदीसाठी महापालिकेला कळवायचं ठरलंय, अर्ज मीच लिहिणार आहे.

आपला,
एक पेपर एजंट
अशोक चौक, सोलापूर